विश्वासू सोनार एलिजियस

वाचावयाचे उतारे: निर्गम ३५:२०–३५ आणि ३८:२१–३१, २ राजे १२:१५, इफिस ४:२८.

सुताराच्या हाती लाकूड दिले, किंवा शिंप्याच्या हाती कापड दिले, म्हणजे आपण निश्चिंत मनाने घरी जातो. परंतु आईची जुनी पाटली मोडून मुलीसाठी बोरमाळ करावयाची असेल तर घरातील एखादे वडील माणूस सोनाराच्या बागेसरीसमोर मांडी घालून बसते, आणि सोने मुशीत पडल्यापासून ते बाहेर येईपर्यंत डोळ्याची पापणी लवू देत नाही. ही शंका एका जातीच्या माथी मारून आपण मोकळे व्हावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोष धातूचा आहे. सोन्याचा कण दिसत नाही, पण मोलाने मोठा असतो. कानशीखाली तो भुगा होऊन पडतो, बोटांना चिकटतो, राखेत मिसळतो. सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो धुऊन पाखडून त्यातून सोने काढणारे झारेकरी आपल्या इकडे पिढ्यान् पिढ्या पोट भरीत आले, ते काही उगीच नव्हे. जेथे केरालाही किंमत आहे तेथे हाताची परीक्षा क्षणोक्षणी होत असते.

अशाच धंद्यात जन्मभर बसलेल्या, आणि त्याच धंद्याच्या मिळकतीने शेकडो बंदिवानांस मुक्त करणाऱ्या एका मनुष्याचा वृत्तान्त ह्या पाठात आम्ही मंडळीपुढे ठेवीत आहो. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनी आज मण्यांच्या माळा ओवितात, भरतकाम करितात, आणि त्याच्या विक्रीतून आलेले पैसे आजाऱ्यांकरिता किंवा मुलांच्या वसतिगृहाकरिता देतात. त्या कामी हा मनुष्य त्यांच्या ओळखीचा व्हावा अशी आमची इच्छा आहे.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात निवासमंडपासाठी लोक नथा, कुंडले, मुद्रिका आणि सर्व प्रकारचे सोन्याचे डाग घेऊन आले; ज्या स्त्रियांच्या हाती कौशल्य होते त्यांनी सूत कातून आणले. हा उतारा आपल्या उपासनेत दानाच्या रविवारी वारंवार वाचला जातो. परंतु तीनच अध्याय मागे, ३२ व्या अध्यायात, ह्याच लोकांनी आपल्या कानांतील सोन्याची कुंडले काढून अहरोनाच्या हाती दिली, आणि त्यांचे वासरू झाले, ही गोष्ट त्याच दिवशी कोणी वाचून दाखवीत नाही. कान तेच, सोनेही त्याच जातीचे, आणि देण्याचा उत्साहही तितकाच. तेव्हा केवळ उत्साहाने अंगावरचा डाग उतरविला एवढ्यावरून दान चांगले की वाईट हे ठरत नाही. कोणाच्या हाती दिला, त्या हाताने त्याचे काय केले, आणि किती केले, हे पाहावे लागते.

बसालेलाच्या हाती काय झाले ते ३८ व्या अध्यायाच्या शेवटी आहे. हा भाग वाचकांस रुक्ष वाटतो; आम्ही स्वतः सेमिनरीत असताना तो ओलांडून पुढे जात असू. तेथे सोने, रुपे आणि पितळ ह्यांचा हिशेब आहे: सोने २९ किक्कार व ७३० शेकेल, मग रुपे, मग पितळ, आणि कोणत्या धातूचे काय केले तेही. देवाच्या आत्म्याने भरलेला कारागीर असे ज्याच्याविषयी म्हटले आहे, त्याच्या कामाच्या शेवटी वजन लिहून ठेविले आहे. ह्याच्या उलट २ राजे १२:१५ येथे मंदिराची डागडुजी करणाऱ्यांकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत, असे सांगितले आहे. ह्या दोन वचनांचा मेळ कसा घालावा, हे वर्ग चालविणाऱ्या बंधूंनी लोकांसच विचारावे. आमच्या मते हिशेब न मागणे ही देणाऱ्याची उदारता आहे; आणि न मागता हिशेब ठेवणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आता त्या सोनाराकडे येऊ. त्याचे नाव एलिजियस; फ्रान्स देशात त्यास एल्वा म्हणतात. सुमारे ५८८ साली, आजच्या फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या लिमोज नगराजवळ शाप्तला नामक खेड्यात त्याचा जन्म झाला. रोमी साम्राज्य त्या प्रांतातून नाहीसे होऊन शंभरावर वर्षे लोटली होती आणि फ्रँक लोकांचे राजे तेथे राज्य करीत होते. मुलाच्या हाताची करामत पाहून बापाने त्यास लिमोज येथील अब्बो नामक नामांकित सोनाराकडे शिकावयास ठेविले. अब्बो हा राजाच्या टांकसाळीचाही कारभार पाहत असे.

एलिजियसाचे चरित्र त्याचा जिवलग मित्र दादो ह्याने लिहिले. हा दादो पुढे रूआँ नगराचा बिशप झाला. आज आपल्या हाती असलेले पुस्तक नंतरच्या शतकात कोणी तरी फिरविलेले आहे, आणि त्यात चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. त्या आम्ही येथे घेत नाही. रोमन मंडळी एलिजियसास संत मानून सोनार, लोहार व नालबंद ह्यांचा कैवारी म्हणते. आम्ही प्रॉटेस्टंट लोक संतांचा धावा करीत नाही. पण ज्याचा धावा करावयाचा नाही त्याच्यापासून काही शिकावयाचेही नाही, असा नियम आमच्या कोणत्याही सिद्धान्तपत्रात आम्हांस आढळला नाही.

तरुणपणी एलिजियस राजदरबारच्या आश्रयास आला. त्या वेळी दुसरा क्लोथार हा राजा होता. राजाच्या मनात सोने व रत्ने जडविलेले एक आसन करवावे असे होते, परंतु मनासारखे काम करणारा कारागीर मिळेना. कोशाध्यक्ष बोब्बो ह्याने ह्या नव्या सोनाराचे नाव सुचविले. राजाने सोने तोलून कोशाध्यक्षाच्या हाती दिले, त्याने ते सोनारास दिले, आणि काम सुरू झाले. काही काळाने एलिजियसाने आसन आणून ठेविले. राजाने त्याची वाहवा केली आणि मजुरी देण्याची आज्ञा केली. तेव्हा एलिजियसाने झाकून ठेविलेले दुसरे आसन पुढे केले. एका आसनासाठी दिलेल्या सोन्यात त्याने दोन केली होती. राजास खरे वाटेना. मग त्याने असे बोलून दाखविले की, ह्या गोष्टीवरून तुझ्यावर ह्याहून मोठी कामेही निर्धास्त सोपविता येतील.

येथे चरित्रकाराने जे एक वाक्य घातले आहे ते सोनाराच्या दुकानात बसल्याखेरीज कोणास सुचावयाचे नाही. इतर कारागीर काय सबबी सांगत तेही तो सांगतो: इतके कानशीने खाल्ले, इतके भट्टीच्या ज्वाळेने गिळले. एलिजियसाने ह्यांपैकी एकही सबब सांगितली नाही. घट म्हणून थोडे सोने जातेच, हे कोणीही समंजस गिऱ्हाईक कबूल करील; पण खरी घट कोठे संपते आणि चोरी कोठे सुरू होते हे फक्त कारागिराच्या मनास ठाऊक असते. दुसरे आसन राजाने मागितले नव्हते. ते सोने आपल्याच घरी राहिले असते तर जगात कोणासही कळले नसते. कोशाध्यक्षालाही नाही.

ह्याच काळातील आणखी एक प्रसंग आहे. पॅरिसजवळील रुएय येथे राजाने एकदा त्यास पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेण्यास सांगितले. एलिजियस कांपू लागला, त्याच्या डोळ्यांस पाणी आले, पण त्याचा हात पुढे होईना. राजाने आग्रह सोडला, आणि पुष्कळ शपथा घेतल्या असत्या त्यापेक्षा आता माझा तुझ्यावर अधिक भरवसा आहे, असे म्हणून त्यास प्रेमाने निरोप दिला. मत्तय ५:३३–३७ ह्या वचनांवर शिकविताना हा प्रसंग उपयोगी पडेल.

त्याचे काम कसे होते ह्याची थोडी कल्पना दिली पाहिजे. नाही तर सोनार म्हणजे दागिने विकणारा दुकानदार असे मुलांस वाटेल. त्या काळच्या फ्रँक लोकांत खोलीदार जडावकाम फार नावाजलेले होते. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्याच बारीक पट्ट्या काठावर उभ्या करून झाळीत, म्हणजे मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान घरे तयार होत. प्रत्येक घराच्या मापाने खडा घासून त्यात बसवीत, आणि खड्याखाली बारीक चौकटींची नक्षी उठविलेला पातळ सोनेरी पत्रा ठेवीत. त्यामुळे लाल खड्यातून आतला उजेड बाहेर येई. बहुतेक खडे तामड्याचे, ज्यास बाजारात गार्नेट म्हणतात. एलिजियसाच्या आधीच्या शतकात फ्रँक लोकांच्या दागिन्यांत जे तामडे बसविले गेले, त्यांतील पुष्कळ आपल्या हिंदुस्थानातून व सिंहलद्वीपातून गेलेले होते, हे अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या खड्यांतील द्रव्ये तपासून दाखविले आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस हा पुरवठा आटला, आणि मग युरोपातील बोहेमिया प्रांताचे लहान खडे वापरात आले. तेव्हा ज्या हातांची ही गोष्ट आहे त्यांच्या गुरूंच्या पेटीत आपल्या देशाचे खडे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

एलिजियस पुढे मार्सेय येथे टांकसाळीचा कारभार पाहू लागला, आणि क्लोथारानंतर ६२९ साली दागोबेर राजा झाला तेव्हा तो राजाचा अत्यंत जवळचा सल्लागार बनला. ज्यांवर त्याचे नाव उठविले आहे अशी सोन्याची नाणी अद्याप युरोपातील संग्रहालयांत आहेत. पैसा पाडणारा, राजमान्य कारागीर, आणि राजाच्या कानाशी लागलेला! आरंभी त्याचा पोशाखही तसाच होता: रेशमी वस्त्रे, रत्ने जडविलेले कमरपट्टे. हे सर्व हळूहळू त्याच्या अंगावरून उतरले. चरित्रकार म्हणतो की पुढे त्याच्या कमरेस दोरी असे. कमरपट्टे कोठे गेले हे पुढील वृत्तान्तावरून कळेल.

त्या काळी माणसांचा व्यापार उघडपणे चाले. लढाईत धरलेले, कर्जात बुडालेले आणि पळवून आणलेले लोक जहाजांतून आणून बाजारात उभे करीत. एलिजियसास कोठे गुलाम विकले जाणार आहेत असे कळले, की तो तेथे धाव घेई आणि किंमत देऊन त्यांस सोडवी. एका वेळी २०, ३०, कधी ५०. आणि कधी कधी जहाजातून उतरविलेला सबंध जथा, १०० जीवांपर्यंत, स्त्रिया व पुरुष. त्यांत रोमी होते, गॉल होते, ब्रिटन होते, मूर होते. परंतु सर्वांत अधिक सॅक्सन होते, ज्यांस त्यांच्या देशातून मेंढरांच्या कळपाप्रमाणे हाकीत आणीत. हे सॅक्सन बहुतेक मूर्तिपूजक होते. आपल्या धर्माचा कोण आणि परका कोण हे पाहून त्याने पैसे मोजल्याचे चरित्रात कोठे दिसत नाही. हातचे पैसे संपले तर तो अंगरखा देई, कमरपट्टा देई, घरातले धान्य देई. पायांतील जोडेही त्याने दिले आहेत.

सोडविल्यानंतर त्यांस तो राजापुढे नेई. फ्रँक लोकांच्या कायद्यात गुलामास मुक्त करण्याची एक रीत अशी होती की राजासमक्ष एक नाणे फेकावयाचे, आणि मग त्यास मुक्ततेचा लेख मिळावयाचा. ह्या रीतीने मुक्त झालेला मनुष्य पुन्हा कोणाच्याही दावणीस बांधता येत नसे. मग एलिजियस त्यांस तीन गोष्टींपैकी हवी ती निवडण्यास सांगे. स्वदेशी परत जावयाचे असेल त्यास वाटखर्च. आपल्याजवळ राहावयाचे असेल त्यास भावाप्रमाणे घरात जागा. आणि मठात जाऊन देवाची सेवा करावयाची असेल त्यास त्याची तजवीज. वाचकहो, ह्या तीन दारांविषयी थोडे थांबून विचार करावा. दया करणारे पुष्कळ असतात. परंतु ज्याच्यावर दया केली त्याने आता कोठे जावे हे त्याचे त्यालाच ठरवू देणारे थोडे. आमच्या संस्थांतही, मदत घेतलेल्या मुलाने आम्ही सांगू तोच धंदा शिकावा, आम्ही दाखवू तेथेच राहावे, अशी अपेक्षा आम्ही किती सहजपणे करीत आलो!

येथे एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. हे सोने राजाचे होते. राजे लढाया करीत, आणि लढायांतून बंदिवान येत. ज्या दरबारासाठी एलिजियस जडावाची कामे करी त्याच दरबाराच्या तरवारीने कित्येक लोक दोरखंडात आले असतील. आणि ज्या व्यापाऱ्यास त्याने रोकड मोजली तो दुसऱ्या फेरीला पुन्हा माणसे घेऊन आला नसेल असे कोणी सांगावे? ह्या प्रश्नाचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. इतकेच दिसते की ज्या बाजारात माणूस उभा होता त्याच बाजारात, त्याच दिवशी, त्यास सोडविणे हे त्याच्या हाती होते. सर्व राज्याची रीत बदलणे त्या दिवशी त्याच्या हाती नव्हते. जे हाती होते ते त्याने केले. तरी कोणी विद्यार्थ्याने वर्गात हा प्रश्न काढला तर शिक्षकाने त्यास गप्प बसवू नये.

त्याच्या बसण्याच्या जागेचे वर्णन दादोने स्वतः डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे केले आहे. एलिजियस राजासाठी सोन्यारत्नांचे काम करीत बसे तेव्हा त्याच्या दृष्टीसमोर एक पुस्तक उघडे असे. हात धातूवर आणि डोळा मधून मधून वचनावर. समोर थिल्ल नावाचा एक सॅक्सन तरुण कामास बसे. तो एलिजियसाच्या घरचा चाकर असून त्याच्या हाताखाली सोनारकाम शिकला, आणि गुरूच्या चालीने चालला. परक्या देशाच्या माणसास आपल्या धंद्याची खुबी शिकविणे ही त्या काळी काय, आजही थोडी गोष्ट नाही. आपल्या इकडे कित्येक कारागीर आपली खुबी जावयासही सांगत नाहीत. एलिजियसाचे घर कोठे आहे असे पॅरिसात कोणी परक्याने विचारले तर उत्तर मिळे: अमुक गल्लीत जा, आणि जेथे गरिबांची गर्दी दिसेल तेच त्याचे घर.

दागोबेर राजाने मागेल ते द्यावे आणि एलिजियसाने मिळेल ते वाटावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. ६३२ साली त्याने लिमोजजवळ सोलिन्याक येथे मठ स्थापिला. ती जमीन मागताना तो राजास म्हणाला की, तेथे मी एक शिडी बांधीन, आणि तिच्यावरून तुम्ही व मी दोघेही स्वर्गात चढू. त्या मठात नाना धंद्यांचे कुशल कारागीर होते. मठवासाविषयी आमच्या मंडळीचे मत निराळे आहे, हे वाचकांस माहीत आहेच. पण हाताने काम करणाऱ्यास तेथे मान होता ही गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे.

पॅरिसातील आपले घर त्याने स्त्रियांच्या मठासाठी दिले. तेथे सुमारे ३०० जणी राहत असे चरित्रकार सांगतो. त्यांत मुक्त झालेल्या दासीही होत्या आणि फ्रँक सरदारांच्या मुलीही. हे काम पुरे होत असताना एक गोष्ट घडली, आणि तीसाठीच आम्ही हा पाठ लिहावयास घेतला असे म्हटले तरी चालेल. इमारतीस जागा कमी पडली म्हणून त्याने लगतची राजाची जमीन मागून घेतली होती. तिचे माप त्याने आधी राजास कळविले होते. पुढे पुन्हा मोजणी केली तेव्हा आपण सांगितले त्यापेक्षा एक पाऊल जमीन अधिक आली आहे असे आढळले. एक पाऊल! एलिजियसाने काम जागच्या जागी थांबविले, राजाकडे धाव घेतली, त्याच्या पायांवर पडला, आणि माझ्या तोंडून असत्य गेले, क्षमा करा किंवा शिक्षा द्या, असे म्हणू लागला. राजा आश्चर्याने भोवतालच्या लोकांकडे वळला. माझे सरदार व अधिकारी माझी गावेच्या गावे दाबून बसतात, आणि ह्या ख्रिस्ताच्या सेवकास एक वीत मातीही लपविता आली नाही, अशा अर्थाचे तो बोलला. पुढे त्याने ती देणगी दुप्पट केली.

हा प्रसंग वाचून आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट आठवते. आम्ही एका खेड्याच्या मंडळीत सेवेस असताना तेथील भगिनींनी काचमण्यांच्या माळा ओवून बाजाराच्या दिवशी विकल्या. पैसे अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी होते, आणि ते आमच्या पेटीत जमा झाले. त्याच महिन्यात पाळकगृहाचे छप्पर गळू लागले. आम्ही त्यातून काही रुपये कौलांसाठी घेतले, आणि दोन महिन्यांनी सगळे परत ठेविले. वसतिगृहाची रक्कम पूर्ण भरली; एक पैसाही कमी नव्हता. परंतु वहीत मधली गोष्ट आम्ही लिहिली नाही. उपकारस्तुतीच्या सणास एक विधवा भगिनी आमच्याकडे येऊन म्हणाली, “पाळकसाहेब, मी सतरा माळा दिल्या होत्या. त्यांचे काय आले आणि कधी गेले, तेवढे वाचून दाखवा.” आम्ही जरा रागानेच म्हणालो, “का बाई, पैसे बुडाले असे वाटते काय?” ती म्हणाली, “तसे नाही, साहेब. दिव्याच्या उजेडात ओविले आहेत. डोळ्यांतून पाणी येई. ते मणी कुठवर पोहोचले ते मला ऐकावेसे वाटते.” वही आमच्या हातात होती आणि उघडवेना. पुढच्या रविवारी आम्ही सर्व हकिगत मंडळीपुढे सांगितली. कोणी काही बोलले नाही. पण तेव्हापासून त्या मंडळीत भगिनींच्या हस्तकामाचा हिशेब एक भगिनीच लिहिते, आणि सणाच्या दिवशी तीच तो वाचते. निर्गमाचा ३८ वा अध्याय आम्हांस त्या बाईने शिकविला, सेमिनरीने नव्हे.

इफिस ४:२८ ह्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की पूर्वी चोरी करणाऱ्याने आता हातांनी चांगले काम करावे, ते कशासाठी, तर गरजवंतास द्यावयास आपल्याजवळ काही असावे म्हणून. चोरी सोडणे, काम करणे आणि देणे, हा क्रम त्याने एकाच वचनात बांधला आहे. दान म्हणजे काम झाल्यावर उरलेल्यातून टाकलेली चिमूट, असे आपण समजतो. एलिजियसाच्या दुकानात दान हे तराजूपाशीच सुरू झाले होते. ज्या हाताने दुसऱ्याचे सोने राखले त्याच हाताने आपले सोडले, आणि राजाने त्याच्या हाती इतके सोपविले ते ह्यामुळेच. पहिले आसन देऊन तो गप्प बसला असता, तर त्या चोरलेल्या सोन्यात फार तर थोडे बंदिवान सुटले असते, आणि पुढील शेकडोंसाठी त्याच्यापाशी काही आले नसते.

६४१ साली, राजाचा हा सोनार न्वायों येथील बिशप झाला. त्याच दिवशी त्याचा मित्र दादो ह्याचीही स्थापना झाली. उत्तरेकडील फ्लँडर्सच्या किनाऱ्यापर्यंत फिरून त्याने सुवार्ता सांगितली. बिशपपदाच्या काळातील वृत्तान्त मोठा आहे; तो येथे घेत नाही. ६६० साली, १ डिसेंबर रोजी तो मरण पावला.

त्याच्या हातचे काम आज फारसे उरलेले नाही. पॅरिसजवळील सँ दनीच्या देवळात त्याने केलेला म्हणून सांगितला जाणारा मोठा सोन्याचा क्रूस होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत तो मोडला गेला. तामडे आणि रंगीत काच बसविलेला त्याचा एक लहान तुकडा तेवढा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. सबंध क्रूस कसा दिसे हे मात्र लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, १५०० सालाच्या सुमाराच्या एका चित्रावरून कळते, कारण त्या चित्रकाराने वेदीवर तो जसाच्या तसा काढला आहे. शेल येथील मठात त्याच्या नावाने ओळखला जाणारा सोन्याचा प्याला होता. तोही राज्यक्रांतीच्या वेळी वितळविला गेला. दोन्ही आसनांचे काय झाले असावे ह्याची कल्पना करावयास नको. सोने जेथे जाते तेथे पुन्हा मूस असतेच.

त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून न्वायोंस एक राणी आली. तिचे नाव बाल्थिल्ड. ती दागोबेराच्या मुलाची विधवा असून आपल्या लहान मुलाच्या नावे राज्य चालवीत होती; परंतु जन्माने ती सॅक्सन होती, आणि लहानपणी समुद्रापलीकडून आणून तिला हलक्या किमतीस विकले होते. एलिजियसाने सोडविलेल्यांपैकी ती नव्हे. तिला राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याने विकत घेतले होते, आणि तेथून ती राणीपदास चढली. एलिजियसाचे शव आपण स्थापिलेल्या शेलच्या मठात न्यावे असे तिच्या मनात होते. न्वायोंचे लोक आपला पाळक देईनात, आणि शेवटी शव तेथेच पुरले गेले. थंडीचे दिवस आणि चिखल असतानाही राणी प्रेतयात्रेमागून पायी चालली असे लिहिले आहे. ख्रिस्ती बंदिवानांस देशाबाहेर नेऊन विकू नये असा हुकूम ह्याच राणीने काढला, आणि स्वतः पैसे देऊन पुष्कळांस, विशेषेकरून आपल्या जातीच्या लोकांस, सोडविले. जे एका दिवसात सोनाराच्या हाती नव्हते ते थोडेबहुत तिच्या हाती आले.

एलिजियसाच्या मरणानंतर तिने अंगावरचे सोन्यारत्नांचे डाग उतरविले, गरिबांस वाटले, आणि उरलेल्यातून त्याच्या कबरेसाठी क्रूस करविला, अशी कथा त्याच्या चरित्राच्या शेवटी आहे. पुढे ती शेल येथेच मठात राहिली. त्या गावच्या संग्रहालयात अळशीच्या धाग्याचे एक जुने वस्त्र जपून ठेविले आहे, ते तिचे असे मानितात. त्यावर गळ्याभोवती रंगीत रेशमाने हाराचे पदर भरले आहेत, त्यांस लोंबणारी पदके, आणि छातीवर एक क्रूस. राणीच्या दागिन्यांचे सगळे घाट सुईदोऱ्याने काढलेले. वर्गात ह्या वस्त्राविषयी सांगताना प्रेषितांची कृत्ये ९:३६–४३ हा उतारा उघडून ठेवावा, आणि यापो येथील विधवांनी पेत्रास दर्कसेच्या हातची कोणती वस्तू दाखविली, हे मुलींस विचारावे.